बीटी कापसाची दोन दशके: धोका कुठे शोधला, कुठे निघाला

2017 च्या खरिपात यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कापूसपट्ट्यात कपाशीची कित्येक फुले उमललीच नाहीत. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्या राहिल्या. अशी डोमकळी उघडून पाहिली की आत गुलाबी बोंडअळी बसलेली असे. वरून हिरवेगार दिसणारे बोंड चिरले तर सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी पडलेली. पेरलेले बियाणे बीटीचे होते, तेही दोन जनुकांचे. शेतकऱ्याने त्यासाठी जादा दाम मोजले होते ते बोंडअळीपासून सुटका व्हावी म्हणून. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. ज्या पिकाने कीटकनाशकांचा वापर कमी व्हायचा होता, त्याच पिकात हे घडले.

अशा जनुक बदललेल्या पिकांपासून निसर्गाला काय धोका आहे, यावर गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर वाद चालू आहे. फुलपाखरे मरतील, माती विषारी होईल, परागांवाटे जनुके रानात पसरतील, अशा भीती मांडल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकींची तपासणीही झाली. आता मागे वळून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या धोक्यांनी वर्तमानपत्रांचे मथळे भरले, ते बव्हंशी लहान किंवा स्थानिक निघाले. ज्यांना पीक-व्यवस्थापनाचा तपशील समजून बाजूला ठेवले गेले, त्यांनीच मोठे नुकसान केले.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. 1901 मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत आढळला. 1911 मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातून आलेल्या पिठातल्या पतंगाच्या अळ्यांवर एर्न्स्ट बर्लिनर यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याला हे नाव मिळाले. हा जिवाणू स्फटिकरूप प्रथिने तयार करतो, त्यांना क्राय प्रथिने म्हणतात. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. तिथे हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राहींना जाऊन चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. माणसाच्या, गाईगुरांच्या पोटात तसे ग्राही नाहीत. म्हणूनच सेंद्रिय शेतीतही बीटीची फवारणी अनेक दशके चालत आली आहे.

फवारलेले बीटी मात्र उन्हाने, पावसाने काही दिवसांत निष्प्रभ होते. जनुक थेट झाडात घातले की झाड स्वतःच हे प्रथिन बनवू लागते, पानात, पातीत, बोंडात, अगदी मुळातही, आणि हंगामभर. पर्यावरणाचे बहुतेक सगळे प्रश्न या एका फरकातून निघतात.

पहिला मोठा गाजावाजा झाला तो 1999 मध्ये. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन लोसी यांनी बीटी मक्याचे पराग मिल्कवीडच्या पानांवर पसरून ती पाने मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना खाऊ घातली. मिल्कवीड ही आपल्या रुई-मांदाराच्या कुळातली वनस्पती, आणि मोनार्कच्या अळ्यांचे तेच एकमेव खाद्य. चार दिवसांत 44 टक्के अळ्या मेल्या. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता, पण प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याला उत्तरही तितक्याच गांभीर्याने मिळाले. अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शेतात मोजमाप करून 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. शेताकडेच्या मिल्कवीडवर पडणारे पराग इतके थोडे असतात की अळ्यांना धोका नगण्य, असे त्यात दिसले. अपवाद होता 'इव्हेंट 176' या मक्याचा. त्याच्या परागात विष जास्त होते आणि तो पुढे बाजारातून गेला.

मोनार्कची संख्या नंतर घटलीच, पण त्याचे एक मोठे कारण वेगळे मानले जाते. ग्लायफोसेट तणनाशक सहन करणारा मका आणि सोयाबीन अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पसरले, तसे शेतांतले मिल्कवीड तणनाशकाखाली संपत गेले. अशाच तणनाशक-सहिष्णू कपाशीला भारतात परवानगी नाही, तरी विदर्भात ती 'चोरबीटी' म्हणून सर्रास विकली जाते. 2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरून कायद्यालाच आव्हान दिले. निंदणीच्या मजुरीने कंबरडे मोडलेल्या शेतकऱ्याला ती का हवी आहे, हे समजून घेतलेच पाहिजे. पण बांधावरच्या आणि ओळींमधल्या वनस्पतींवर, त्यांवर जगणाऱ्या कीटकांवर तिचा काय परिणाम होतो, याची मोजणी चोरून विकलेल्या बियाण्याबाबत कुणी करायची?

मातीची कथाही साधारण याच वळणाची. न्यूयॉर्क विद्यापीठातील गुंथर स्टॉट्स्की यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवले की बीटी मक्याच्या मुळांतून विष मातीत झिरपते, चिकणमातीच्या कणांना चिकटते आणि बराच काळ टिकून राहते. त्यानंतर गांडुळे, सूत्रकृमी, जिवाणू यांवर पुष्कळ काम झाले. फरक आढळले, पण जमिनीचा पोत, पीक किंवा नांगरट यांमुळे पडणाऱ्या फरकांपुढे ते बहुधा लहान ठरले. तरी एकाच जमिनीत वीस-वीस वर्षे बीटी कपाशीच घेतली जाते त्या काळ्या मातीवर दीर्घकाळ लक्ष ठेवणारी निरीक्षणे हवीत, ही मागणी रास्त आहे. दोन-तीन हंगामांच्या प्रयोगातून तिचे उत्तर मिळत नाही.

शेतातल्या इतर कीटकांचे काय होते? मिशेल मार्व्हिए आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 42 क्षेत्रीय प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. कीटकनाशक फवारलेल्या साध्या पिकाशी तुलना केली तर बीटीच्या शेतात इतर कीटक जास्त होते. अजिबात न फवारलेल्या साध्या पिकाशी तुलना केली तर काही गटांचे कीटक बीटीत कमी होते. दोन्ही बाजूंचे लोक या अभ्यासाचा आपल्याला हवा तो अर्धाच भाग सांगतात. खरे तर दोन्ही अर्धे एकत्र वाचले की कळते, की बीटी चांगले की वाईट याचे उत्तर आधी शेतात काय चालले होते यावर ठरते. 2002 पूर्वी वऱ्हाडात अमेरिकन बोंडअळीसाठी ज्या प्रमाणात विषारी औषधे फवारली जात, ती पाहता बीटीने आरंभी मित्रकीटकांना दिलासाच दिला.

चीनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसून आले. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार उत्तर चीनमध्ये बीटी कापूस पसरल्यावर अमेरिकन बोंडअळी केवळ कपाशीवरच नव्हे, तर आसपासच्या मका, भुईमूग, भाजीपाल्यावरही घटली. फवारण्या कमी झाल्याने ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले आणि त्यांचा फायदा शेजारच्या पिकांनाही झाला, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, 2010 मध्ये, त्याच गटाने दुसरी बाजूही समोर आणली होती. बोंडअळीसाठीच्या फवारण्या थांबल्यावर, त्याच फवारण्यांनी आजवर दबून असलेले मिरिड ढेकूण कपाशीत माजले आणि तिथून सफरचंद, द्राक्ष, बोरांच्या बागांत शिरले. शेतातून एक कीड उचलली की तिच्या जागी कोण येईल, हे बियाण्याच्या चाचणीत कळत नाही.

भारतात ती जागा रसशोषक किडींनी घेतली. तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, मावा यांच्यावर क्राय प्रथिनाचा काही परिणाम होत नाही. शिवाय बाजारात आलेले अनेक बीटी संकर या किडींना बळी पडणारेच होते. 2006-07 च्या सुमारास पिठ्या ढेकणाची एक नवी जात कपाशीवर झपाट्याने पसरली. तिला शेवटी आवर घातला तो मुख्यत्वे एनासियस नावाच्या इवल्याशा परजीवी गांधीलमाशीने, आणि ती कुणी विकत आणून सोडलेली नव्हती. 2015 मध्ये पांढऱ्या माशीने पंजाब-हरियाणातला कापूस झोपवला. कीटकशास्त्रज्ञ केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी 2020 मध्ये दोन दशकांची आकडेवारी तपासली. कापूस शेतकरी आज कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करतो, असे त्यांना आढळले. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. बीटीच्या गुणांची मोजणीही त्यांनी वर्षानुवर्षे केली आहे. त्यामुळे या निष्कर्षाला वजन आहे.

परागांवाटे जनुक पसरण्याचा धोका देशागणिक आणि पिकागणिक बदलतो, म्हणून त्यावर सरसकट बोलणे चुकीचे आहे. अमेरिकेत ॲलिसन स्नो यांनी बीटी जनुक रानटी सूर्यफुलात आणून पाहिले, तेव्हा अळ्यांपासून वाचलेल्या रोपांना जास्त बी धरले. नेब्रास्कातल्या प्रयोगात सुमारे 55 टक्के जास्त. रानटी सूर्यफूल तिथे शेतातले तण आहे, म्हणजे हे तणाला बळ देणेच झाले. तसे वाण बाजारात आले नाही. मेक्सिको ही अमेरिकन कपाशीची जन्मभूमी. तिथल्या जंगली कपाशीत शेतातली परकी जनुके पोचल्याचे 2011 मध्ये नोंदले गेले. पुढे युकातानमधील अभ्यासात अशा झाडांच्या पानांवरील मधुरसात आणि त्या रसाच्या ओढीने येणाऱ्या मुंग्यांत फरक दिसला. मुंग्या त्या झाडाच्या राखणदार असतात. म्हणजे एक जनुक रानात गेले आणि झाड-मुंगीचे जुने नाते हलले.

भारतात कापसाबाबत हा धोका कमी आहे. देशी कपाशीत 26 गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत 52. शेतात त्यांचा संकर सहसा फळत नाही. तरीही देशी कपाशी नाहीशी होत गेली, कारण तिचे बी पेरणेच थांबले. हिंगणघाटचा 'बनी' कापूस एकेकाळी इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई. देशी कपाशी पाण्याचा ताण सोसते, रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही, आणि उत्तरेत धुमाकूळ घालणारा पर्णगुच्छ विषाणू तिला बाधत नाही. देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस-क्षेत्र एकाच जातीच्या बीटी संकरांखाली गेल्यावर हा वारसा संशोधन केंद्रांच्या बीजपेढ्यांत आणि थोड्याफार हौशी शेतकऱ्यांकडे उरला. मूल्यमापनाच्या अर्जात या नुकसानीसाठी रकानाच नव्हता.

वांग्याचे उलट आहे. भारत हे वांग्याच्या विविधतेचे मोठे घर, आणि त्याचे रानटी भाऊबंद इथे बांधावर, पडीक जमिनीत उगवतात. लागवडीच्या वांग्याशी त्यांतल्या काहींचा संकर सहज होतो. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणाऱ्या बीटी वांग्याला, अशा पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या जीईएसी या समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दिला. त्यानंतर पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांपैकी एक नागपुरात झाली. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीनेही, ज्या पिकांचे उगमस्थान भारत आहे त्यांबाबत विशेष सावधगिरी सुचवली. बांगलादेशाने 2013 मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि 2014 पासून ते तिथे पिकते. फवारणी घटल्याचे तिथले अनुभव दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत, कारण वांग्यावर इथे होणारी फवारणी भयंकर आहे. मात्र रानटी वांग्यात जनुक गेले तर पुढे काय होते, हे कळायला अनेक वर्षांचे निरीक्षण लागते, आणि ते बी विकायच्या आधी सुरू झाले पाहिजे.

आता ज्या धोक्याने विदर्भ, मराठवाडा, खानदेश खरोखर हलवला, त्याकडे. तो म्हणजे किडीने विष पचवायला शिकणे.

बीटी कापसाला भारतात 26 मार्च 2002 रोजी परवानगी मिळाली. जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरांत क्राय1एसी हे एक जनुक होते. त्याच्या आदल्या वर्षीच गुजरातेत 'नवभारत 151' हे परवानगी नसलेले बीटी बियाणे शेतांत सापडले होते. 2006 मध्ये दुसरे जनुक जोडलेले बोलगार्ड-2 आले. गुजरातच्या अमरेली भागात गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याचे 2008-09 च्या सुमारास दिसले आणि 2010 मध्ये हे जनुक पुरवणाऱ्या कंपनीने ते जाहीरपणे मान्य केले. 2015 पर्यंत दुसरे जनुकही तिच्यापुढे हरले.

हे होऊ शकते, याचा अंदाज शास्त्रज्ञांना आधीपासून होता, आणि त्यावरचा उपायही ठाऊक होता. बीटीच्या शेताभोवती साध्या कपाशीच्या ओळी, म्हणजे आश्रयपीक, लावायच्या. त्यांवर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग बीटीत वाचलेल्या दुर्मीळ पतंगांशी जोडी जमवतात आणि प्रतिकार पुढच्या पिढीत पातळ होत राहतो. त्यासाठी 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीचे पाकीट दिले जाई. ती पाकिटे बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहिली. दोन-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या रानाचा पाचवा हिस्सा अळीसाठी सोडावा, ही अपेक्षा अमेरिकेतल्या हजार एकरांच्या शेतावर आखलेली होती. इथे ती समजावून सांगायला ना कृषी खाते पुरेसे पोचले ना विक्रेते. दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे.

त्यात अळीचा स्वभाव. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका असे काहीही खाते. बीटीच्या बाहेर तिला इतकी पिके मिळतात की आश्रयाच्या ओळी आपोआप तयार होतात. तिचा कापसावरचा जोर मोडला तो पूर्वीसारखा परतलेला नाही. गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. सगळीकडे बीटीच असेल तर तिला बीटीतच जगायला शिकण्यावाचून मार्ग उरत नाही. शिवाय भारताने बीटी जनुक संकरांत घातले. संकर दर वर्षी विकत घ्यावा लागतो, म्हणून कंपन्यांना तो सोयीचा. त्याच्या एकाच बोंडात मात्र वेगवेगळ्या सरक्या तयार होतात: काहींत विष असते, काहींत नसते. बोंडात सरकी खात फिरणाऱ्या अळीला त्यामुळे विषाची अर्धवट मात्रा मिळते, आणि प्रतिकार घडवायला याहून चांगली शाळा नाही.

नेमके हेच गणित चीनच्या यांगत्से खोऱ्यात उलट वापरले गेले. तिथे शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले. त्यामुळे शेतातली साधारण पाव झाडे पूर्ण बिनविषारी निघाली आणि त्यांवर साधे पतंग वाढत राहिले. गुलाबी बोंडअळीतला वाढू लागलेला प्रतिकार तिथे मागे हटला, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. बिनविषारी हिस्सा दोन्हीकडे होताच, पण एकीकडे तो झाडांमध्ये वाटला गेला, दुसरीकडे बोंडाच्या आत.

भारतात लांब कालावधीच्या संकरांनी उरलेले काम केले. दहा वर्षांत हजाराहून अधिक बीटी संकरांना मान्यता मिळाली. प्रत्येकाचा फुलोरा वेगळा, त्यामुळे गावात कुठे ना कुठे पात्या-बोंडे असायचीच. डिसेंबरनंतर पाणी असलेल्या शेतकऱ्यांनी फरदड ठेवली, म्हणजे तेच पीक पुढे राखले, आणि वाढत्या वयाबरोबर झाडातले विष घटत असल्याने अळीला ते आणखी सोपे गेले. पऱ्हाटीचे ढीग बांधावर, सरकी जिनिंगमध्ये. अळी सुप्तावस्थेत तिथेच उन्हाळा काढत असे. कमी कालावधीचे सरळ बीटी वाण हा यावरचा एक मार्ग होता. सार्वजनिक संस्थांनी 'बिकानेरी नरमा' या वाणाचे बीटी रूप 2008 मध्ये आणलेही. त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली आणि दुसऱ्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले. सार्वजनिक संशोधनाच्या या फसगतीची किंमत शेतकऱ्याने मोजली, असे म्हणणे अतिशयोक्ती होणार नाही.

गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन अशक्य नाही, हे अमेरिकेने दाखवले आहे. ॲरिझोना आणि शेजारच्या राज्यांत आश्रयाचे नियम काटेकोर पाळले गेले. 2006 पासून बीटी कापसाच्या जोडीला अब्जावधी वंध्य पतंग विमानांतून सोडले गेले, आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ही कीड तिथल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचे जाहीर झाले. ऑस्ट्रेलियात आश्रयपीक सक्तीचे, आणि काढणीनंतर जमीन नांगरून कोष मोडणेही सक्तीचे. मात्र इतर ठिकाणांची यादी उत्साह देणारी नाही. दक्षिण आफ्रिकेतली मक्याची खोडकिडी, पोर्तो रिकोतली लष्करी अळी, आयोवातला मक्याचा मूळभुंगा, सगळ्यांनी बीटीला तोंड दिले. ब्रूस टॅबॅश्निक आणि सहकाऱ्यांच्या 2023 च्या आढाव्यात सात देशांतल्या 11 किडींत असा प्रतिकार नोंदलेला आहे.

किडीची विषाला बळी पडण्याची क्षमता ही गावकुसाबाहेरच्या गायरानासारखी सामाईक संपत्ती आहे. एकाच्या रानातला पतंग दुसऱ्याच्या रानात जातो, म्हणून एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणाने ती टिकत नाही. महाराष्ट्राने मागे काही वर्षे कपाशीचे बियाणे 1 जूनपूर्वी शेतकऱ्यांना न विकण्याचा निर्णय घेतला होता. लवकरच्या पेरणीवर पहिली पिढी वाढू नये हा त्यामागचा हेतू. फरदड टाळणे, जिनिंगमध्ये आणि शेतात कामगंध सापळे लावणे, मित्रकीटक सोडणारे ट्रायकोकार्ड, नर-मादीचा मेळ चुकवणाऱ्या गंधदोऱ्या, दाट लागवडीचे कमी कालावधीचे वाण, यांपैकी एकही उपाय जनुकात नाही. जिथे गावाने मिळून ते केले, तिथे फरक पडतो.

आता पुढची बियाणी दारात उभी आहेत. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने 2016 मध्ये एका नेच्याच्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घालून ती पांढऱ्या माशीला तोंड देते, हे दाखवले. टीएमए-12 नावाचे ते प्रथिन बीटीहून अगदी वेगळे आहे. पांढरी माशी शेकडो वनस्पतींवर जगते, म्हणजे तिच्या बाबतीत आश्रयाचे गणित गुलाबी बोंडअळीपेक्षा निराळे मांडावे लागेल. हे जनुक सरळ वाणात जाणार की संकरात, आश्रयपीक कोणी, कुठे आणि कोणाच्या खर्चाने लावायचे, पांढरी माशी हटल्यावर तिच्या जागी कोण येते यावर कोण नजर ठेवणार, आणि त्या नोंदी पहिल्या पेरणीपासून किती वर्षे ठेवल्या जाणार, याची लेखी उत्तरे परवानगीच्या अर्जातच मागायला हवीत. 2002 मध्ये ती सगळी मागितली गेली नव्हती.